व्हीएफएक्समुळे ‘उठाव’ येतो, म्हणजे नक्की काय होतं?

जाहिरात किंवा व्हिडिओ निर्मिती या विषयात पीएचडीची तयारी करणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं : ‘व्हिज्युअल इफेक्ट्समुळे चित्रित फुटेजला उठाव येतो आणि जाहिरात अधिक प्रभावी ठरते.’ वाक्य चुकीचं नाही. अडचण अशी की, या वाक्याला कुणी ‘नाही’ म्हणूच शकत नाही. आणि ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, ते संशोधनाचं गृहीतक होत नाही. फार तर माहितीपत्रकातलं वाक्य होतं.

गंमत म्हणजे बऱ्याचदा ते माहितीपत्रकातूनच आलेलं असतं. इफेक्ट्स करून देणारे स्टुडिओ आपल्या कामाचं वर्णन साधारण याच शब्दांत करतात. म्हणजे ज्या व्यवसायाचा अभ्यास करायचा, त्याचीच विक्रीची भाषा आपण संशोधनाचा प्रश्न म्हणून उचलतो. गाइडने पहिल्याच भेटीत ‘उठाव म्हणजे काय?’ असं विचारलं की पंचाईत होते.

म्हणून या लेखात एक गाजलेली जाहिरात घेऊन तिचं परीक्षण करू या. होंडा अकॉर्ड या गाडीची ‘कॉग’ ही २००३ सालची ब्रिटिश जाहिरात. ती निवडायचं कारण असं, की तिची ख्यातीच मुळी ‘यात कॉम्प्युटरची करामत नाही’ अशी आहे. उठावाचा अर्थ शोधायला, उठाव नाकारणारी जाहिरात चांगली उपयोगी पडते.

आधी ‘उठाव’ फोडू या

चित्रित फुटेजवर इफेक्ट्सवाले जे करतात, त्याचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला, पुसणं. फ्रेममध्ये आलेली विजेची तार, स्टंट करणाऱ्याची दोरी, काचेत दिसणारा कॅमेरामन. यासाठी बऱ्याचदा त्याच जागेचा रिकामा शॉट, म्हणजे क्लीन प्लेट, आधीच घेऊन ठेवतात आणि नको असलेल्या भागावर तो चढवतात.

दुसरा, जोडणं. दोन वेगळे टेक एकच वाटतील असे सांधायचे किंवा वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेली दृश्यं एका फ्रेममध्ये बसवायची.

तिसरा, बदलणं. ढगाळ आकाशाच्या जागी निरभ्र आकाश, जुन्या लेबलच्या जागी नवं लेबल. इथे मजल बरीच पुढे गेली आहे. २०१६ मध्ये ‘द मिल’ या स्टुडिओने ‘ब्लॅकबर्ड’ नावाची गाडी तयार केली. तिची लांबी-रुंदी बदलता येते. ती रस्त्यावर पळवायची, तिच्यावरचे कॅमेरे आणि स्कॅनर आजूबाजूचा परिसर नोंदवून घेतात, आणि नंतर तिच्या जागी कॉम्प्युटरमध्ये घडवलेली हवी ती गाडी बसवायची. म्हणजे जाहिरात ज्या गाडीची, ती गाडी शूटिंगला हजर असायचीही गरज उरली नाही.

चौथा, घडवणं. कॅमेऱ्यासमोर कधीच नव्हती अशी गोष्ट पूर्णपणे सीजीमध्ये तयार करून फुटेजमध्ये मिसळायची.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रॅकिंग, रोटो, कंपोझिटिंग ही तंत्रं या चारही कामांत थोड्याफार फरकाने तीच असतात. गाडीमागचा दिव्याचा खांब पुसायला जे तंत्र लागतं, तेच गाडीला आधार देणारा जॅक पुसायलाही लागतं. ऑपरेटरच्या दृष्टीने दोन्ही कामं सारखीच. बघणाऱ्याच्या दृष्टीने मात्र फार वेगळी. खांब गेला तर फ्रेम स्वच्छ झाली. जॅक गेला तर गाडी स्वतःच्या बळावर उभी आहे, असं एक खोटं विधान तयार झालं.

म्हणून नुसती तंत्रांची यादी करून आपला प्रश्न सुटत नाही. आणखी काहीतरी मोजायला हवं. ते काय, हे ‘कॉग’ बघताना कळतं.

‘कॉग’ : काय दिसतं

दोन मिनिटांची जाहिरात. दिग्दर्शक आंत्वान बार्दू-जाके, एजन्सी वायडन प्लस केनेडी, लंडन. ६ एप्रिल २००३ रोजी ब्राझिलियन ग्रां प्रीच्या प्रक्षेपणात ती ब्रिटिश टीव्हीवर पहिल्यांदा दिसली. एका स्वच्छ, रिकाम्या खोलीत अकॉर्डचे सुटे भाग मांडलेले आहेत. एक छोटं चक्र घरंगळतं आणि दुसऱ्याला धक्का देतं, ते तिसऱ्याला, अशी साखळी सुरू होते. टायर उतारावर खाली यायच्या ऐवजी वर चढतात. पाण्याचे थेंब पडताच वायपर जमिनीवर सरपटायला लागतात. शेवटी अख्खी गाडी हळूच पुढे येऊन थांबते, आणि निवेदक ‘सगळं आपोआप नीट चालतं तेव्हा किती बरं वाटतं, नाही?’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो.

ही कल्पना अगदी कोरी नव्हती. स्विस कलावंत पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस यांची ‘डेर लाउफ डेर डिंगे’ ही फिल्म १९८७ मध्ये आली होती. तिच्यातही वस्तूंची अशीच साखळी सलग चाललेली दिसते, आणि तिच्यातही सांधे लपवलेले आहेत. सांधा लपवणं डिजिटल काळाच्या आधीपासूनचं आहे, एवढं यातून नोंदवून ठेवा.

‘कॉग’ बघताना पहिल्यांदा वाटतं, टायर चढावर जातायत म्हणजे नक्की कॉम्प्युटर. तर नाही. टायरच्या आत एका बाजूला वजन बसवलेलं आहे. ते वजन खाली यायला बघतं आणि टायर पुढे ढकलला जातो. साधं भौतिकशास्त्र. वायपर सरपटतात कारण पाऊस ओळखून आपोआप सुरू होणं हा या गाडीचा गुणच होता.

मग इफेक्ट कुठे आहे? एका सांध्यात. ही साखळी एका टेकमध्ये घेतलेली नाही. साधारण एकेक मिनिटाचे दोन टेक आहेत, आणि सायलेन्सर जमिनीवरून घरंगळत जातो त्या क्षणी ते डिजिटल पद्धतीने जोडलेले आहेत. सांगितल्याशिवाय तो सांधा दिसत नाही.

आता तुम्ही काय म्हणाल? फसवणूक की उठाव?

काचेवरची वाळू

उत्तर द्यायच्या आधी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जाऊ. १९५९ च्या सुमारास अमेरिकन टीव्हीवर ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या क्रीमची एक जाहिरात लागायची. सँडपेपरवर क्रीम लावायचं, लगेच वस्तरा फिरवायचा, आणि सँडपेपर साफ! अर्थ सरळ होता : सँडपेपरची दाढी होते, तर तुमची का होणार नाही?

प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच. प्लेक्सिग्लासवर वाळू भुरभुरवलेली होती. खऱ्या सँडपेपरची अशी ‘दाढी’ करायची, तर तो सुमारे ऐंशी मिनिटं भिजवावा लागायचा. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे गेलं आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. १९६५ मध्ये निकाल कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या विरोधात लागला.

आपल्यासाठी यातला बचावाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कंपनीकडून सांगितलं गेलं की टीव्हीच्या पडद्यावर खरा सँडपेपर साध्या रंगीत कागदासारखा दिसतो, म्हणून दिसण्यासाठी पर्यायी वस्तू वापरावी लागली. म्हणजेच, फुटेजला उठाव दिला! आपल्या सिनॉप्सिसमधलं वाक्य साठ वर्षांपूर्वी कोर्टात बचाव म्हणून उभं राहिलेलं आहे.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्रात एका नेहमीच्या उदाहरणाची चर्चा आहे. स्टुडिओच्या दिव्यांखाली आइस्क्रीम वितळतं, म्हणून त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवतात. मग तेही बंद करायचं का? न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : दृश्यात कुणी मजेत आइस्क्रीम खातंय एवढंच दाखवायचं असेल, तर बटाटा चालेल. तिथे तो कशाचा पुरावा म्हणून ठेवलेला नाही. पण सँडपेपर हा प्रेक्षकाला ‘बघा, तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो’ असं म्हणून ठेवलेला होता. पुरावा म्हणून दाखवलेली वस्तू बदलता येत नाही.

न्यायमूर्ती हार्लन यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते प्रेक्षकाला पडद्यावर जे दिसतं ते प्रत्यक्षातल्याशी जुळतं का, एवढंच बघायला हवं. ते कसं तयार केलं हा प्रश्न गौण. त्यांचं मत अल्पमतात राहिलं, पण ते बाजूला टाकू नका. आज सीजी गाडी दाखवणारा स्टुडिओ नेमकं हेच म्हणेल : खरी गाडी अशीच दिसते, मग कशी घडवली याने काय फरक पडतो?

तर मोजायची गोष्ट ही आहे. इफेक्ट किती वापरला, हा दुय्यम प्रश्न. इफेक्ट पुराव्याला लागला की सजावटीला लागला, हा मुख्य प्रश्न.

ही पट्टी ‘कॉग’ला लावून बघू

‘कॉग’मध्ये एकाहून जास्त दावे आहेत. ते वेगळे केल्याशिवाय परीक्षण होत नाही.

दावा एक : वायपर पाणी ओळखतात. इथे दाखवलेली गोष्ट हाच पुरावा आहे आणि तो शाबूत आहे. सांध्याचा याच्याशी काही संबंध नाही.

दावा दोन : ही साखळी सलग घडली. हा दावा निवेदक बोलत नाही. पण कॅमेरा न थांबता सरकत राहतो आणि कट दिसत नाही, त्यातून तो केलेला असतोच. इथे सांधा थेट पुराव्याला लागतो. प्रेक्षक जी वाहवा करतो ती सलगतेची, आणि सलगता त्या एका ठिकाणी रचलेली आहे. तरीही मी याला मोठा दोष मानत नाही. कारण सलगता हा गाडीचा गुण नाही. साखळी दोन तुकड्यांत चित्रित झाली म्हणून अकॉर्ड कमी चांगली ठरत नाही.

दावा तीन : या गाडीत सगळं आपोआप नीट चालतं. जाहिरातीचं शेवटचं वाक्य हेच सांगतं. आणि माझा खरा आक्षेप इथे आहे.

या जाहिरातीबद्दल नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे ६०६. इतके टेक लागले म्हणे. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, केवढी ही चिकाटी! पण जरा उलट बाजूने वाचा. ६०६ टेक लागले याचा अर्थ शेकडो वेळा ते नीट चाललं नाही. कुठे चक्र आडवं पडलं असेल, कुठे टायर भलतीकडे गेला असेल. ‘सगळं आपोआप नीट चालतं’ हे वाक्य ज्या चित्राच्या आधाराने म्हटलं आहे, ते चित्र न चाललेल्या शेकडो प्रयत्नांना वगळून मिळालेलं आहे.

म्हणजे ‘कॉग’मधला सगळ्यात मोठा इफेक्ट कॉम्प्युटरमध्ये झालाच नाही. तो निवडीत झाला. आणि ‘यात कॉम्प्युटर नाही’ या गाजावाजामुळे आपलं लक्ष तिकडे जातही नाही. आपण सांधा शोधत बसतो.

हे वाचताना तुम्हाला काही आठवलं असेल तर बरंच आहे. प्रयोग अनेक वेळा करायचा, जमला नाही ते बाजूला ठेवायचे आणि जमला तो पेपरमध्ये मांडायचा, याला संशोधनात आपण काय म्हणतो? आकड्यांत फेरफार केलेला नसतो, आलेख खरा असतो, तरी निष्कर्ष टिकत नाही. जाहिरातीला हे माफ आहे, कारण तिने पद्धतीची हमी दिलेली नसते. आपण दिलेली असते.

एवढं म्हणूनही, ‘कॉग’ मला आवडते. सुट्या भागांना इतकं निवांत, इतकं जवळून बघायला लावणाऱ्या जाहिराती थोड्याच असतात. भाग खरे आहेत, त्यांचं वजन खरं आहे, आणि ते वजन पडद्यावर जाणवतं. आवडणं आणि दावा तपासणं ही दोन कामं एकाच वेळी करता येतात. परीक्षण म्हणजे तरी दुसरं काय?

अजून तीन उदाहरणं, झटपट

गिनेसची ‘सर्फर’ (१९९९, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर). लाटांमधून पांढरे घोडे उसळतात. खरे घोडे वेगळे चित्रित करून लाटांवर बसवलेले आहेत. जोडकाम भरपूर, पण पुरावा शून्य. लाटेतून घोडा निघतो असं कुणी मानत नाही; ते रूपक आहे. इथे ‘फसवलं’ म्हणणं हास्यास्पद ठरेल.

व्होल्वोची १९९० ची अमेरिकन जाहिरात. राक्षसी चाकांचा ट्रक ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांवरून जातो. बाकीच्या चेपतात, व्होल्वो टिकते. इथे कॉम्प्युटरचा स्पर्शही नाही. पण व्होल्वोचं छत आतून आधार देऊन मजबूत केलेलं होतं आणि इतर गाड्यांचे खांब कमकुवत केलेले होते. टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने कारवाई केली, आणि जाहिरात मागे घ्यावी लागली. व्हीएफएक्स नसतानाही पुरावा खोटा असू शकतो, हे यातून पक्कं लक्षात ठेवा.

व्होल्वो ट्रक्सची ‘द एपिक स्प्लिट’ (२०१३). दोन ट्रक उलट्या दिशेने शेजारी-शेजारी चालतायत आणि त्यांच्या आरशांवर पाय ठेवून अभिनेता जाँ-क्लोद व्हान डॅम हळूहळू पाय फाकवत जातो. आता स्वतःला विचारा : अशा शॉटमध्ये सुरक्षेची दोरी असेल आणि ती पुसली असेल, तर बिघडलं का? जाहिरात ट्रकच्या स्टिअरिंगची आहे. पुरावा आहे तो ट्रक सरळ रेषेत, अंतर राखून चालण्याचा. दोरी माणसाला धरते, ट्रकला नाही. म्हणून माझं उत्तर, बिघडलं नाही. पण दोन ट्रक वेगवेगळे चित्रित करून शेजारी बसवले असते, तर सगळंच बिघडलं असतं. एकाच शॉटमधला एक इफेक्ट निर्दोष आणि दुसरा दोषी, असं होऊ शकतं ते असं.

सिद्धांताचं काय?

या विषयात स्टीफन प्रिन्स यांचा १९९६ चा ‘ट्रू लाइज’ हा लेख तुम्हाला वाचावाच लागेल. त्यांची ‘परसेप्च्युअल रिअॅलिझम’ ही संकल्पना थोडक्यात अशी : डिजिटल प्रतिमेतली वस्तू जगात नसेलही, पण प्रकाश, वजन, हालचाल आपल्या अनुभवाशी जुळली की ती खरी वाटते. डायनोसॉरला हे चपखल लागू पडतं. पण कथापट आणि जाहिरात यांत एक फरक आहे. डायनोसॉर बघून बाहेर पडल्यावर तो विकत घ्यायचा नसतो. जाहिरातीत ‘खरं वाटतं’ या पायरीनंतर ‘म्हणून घ्या’ अशी पायरी असते. त्यामुळे प्रिन्स यांची चौकट जशीच्या तशी जाहिरातीला लावली, तर पुराव्याचा प्रश्न तिच्यातून निसटतो. ही तुमच्यासाठी खरी रिकामी जागा आहे.

आपल्याकडे कुठे शोधाल?

आपल्याकडच्या जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन’ अशी पट्टी तुम्ही कितीदा तरी पाहिली असेल. क्रीम त्वचेत शिरताना दाखवलं की ती येते, दातांवर चमक फिरली की येते. ती म्हणते, ‘हे पुरावा म्हणून घेऊ नका.’ आणि वरचं चित्र म्हणतं, ‘बघा, असं होतं.’ मग प्रेक्षक कुणाचं ऐकतो?

ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही मुंबईत मुख्यालय असलेली संस्था १९८५ पासून जाहिरातींवर स्वनियमन करते आहे. पट्टीने मुख्य दाव्याच्या विरुद्ध बोलू नये, हे तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत, पट्टीही त्याच भाषेत हवी. मराठी निवेदन असलेल्या पन्नास जाहिराती घ्या आणि तळाची पट्टी कोणत्या भाषेत आहे, किती सेकंद टिकते, कोणत्या दृश्याखाली येते, एवढं नुसतं मोजा. ‘उठाव येतो’पेक्षा हे शंभर पटींनी चांगलं काम होईल.

कामाला लागताना

निवडलेल्या प्रत्येक जाहिरातीसाठी चार रकाने करा. दृश्य काय आहे. त्यावरून प्रेक्षकाने काय मानावं अशी अपेक्षा आहे. इफेक्ट नेमका कशावर झाला. आणि तो इफेक्ट काढून टाकला, तर दावा टिकतो का. चौथा रकाना भरताना अडायला होईल. अडू द्या. तिथेच तुमचं संशोधन आहे.

दोन सावधगिऱ्या. एक, ‘मेकिंग’चे व्हिडिओ आणि स्टुडिओंच्या ब्रेकडाउन रील्स हा पुरावा म्हणून थेट वापरू नका. तीही जाहिरातच असते. पहिली गाडी विकण्यासाठी, दुसरी स्टुडिओ विकण्यासाठी. शक्य असेल तिथे ऑपरेटर, एडिटर, कॅमेरामन यांच्या मुलाखती घ्या, आणि तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या तर तिन्ही नोंदवा.

दुसरी, दुसरा रकाना खुर्चीत बसून भरू नका. प्रेक्षक काय मानतो हे तुम्हाला ठाऊक आहे असं समजणं सोपं असतं. पंधरा-वीस जणांना जाहिरात दाखवून ‘यावरून तुम्हाला काय कळलं?’ असं साधं विचारलं, तरी तुमचे निम्मे अंदाज बदलायची शक्यता आहे.

आणि सिनॉप्सिसमधलं ते पहिलं वाक्य खोडून टाका. त्याऐवजी असा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल. समिती तुम्हाला जास्त प्रश्न विचारेल, हे खरं आहे. विचारू द्या. उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीतरी असेल.